मंगळवारचा वस्तरा

ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगितली नसती. आपली फजिती आपणच कशाला सांगत फिरायची? पण मी काम करतो त्या मन्नाएखेळ्ळीत ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे, आणि हॉटेलवाला गुंडप्पाअण्णा सांगतो तेव्हा जीपमध्ये पंधरा माणसं असतात. खरी नऊच होती. मला धरून दहा. म्हणून म्हटलं, त्याच्याकडून चुकीचं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. चहा गार करू नका, पीत पीत ऐका.

आधी माझं सांगतो, थोडकंच आहे. माझं नाव बालाजी. गाव कमलनगरजवळचं, म्हणजे कर्नाटकातलं पण मराठी बोलणारं. नववीत शाळा सोडली. डोकं अगदीच वाईट नव्हतं, पण सरांनी उभं करून वाचायला लावलं की माझा आवाज घशातच बसायचा. कन्नडच्या तासाला तर कन्नडही यायची नाही आणि मराठीही जायची. शेवटी मीच जायचं थांबवलं. आबा, म्हणजे माझे वडील, मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते काही बोललेच नाहीत. तेही माझ्यासारखेच आहेत, किंवा मी त्यांच्यासारखा.

काही वर्षं इकडं तिकडं काम केलं आणि मग हायवेवर मन्नाएखेळ्ळीला महादप्पा मालकांच्या वेल्डिंगच्या दुकानात लागलो. ट्रॉल्या, गेट, खिडक्यांचे गज, आणि एका कोपऱ्यात विळ्या-कुऱ्हाडींना धार. धारेचं काम माझ्याकडं. राहायला रत्नाअक्काच्या घरामागची एक खोली. असं राहून तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांत मी किती माणसांशी बोललो असेन? तुम्हाला खोटं वाटेल, पण लोक दुकानात येतात ते विळ्याशी बोलतात. 'लई बोथट झालास रं,' असं विळ्याला म्हणतात आणि माझ्यापुढं टाकतात. मीही विळ्याकडंच बघतो. माझा फोन महिन्यातून दोनदा वाजायचा. एकदा कंपनीचा, एकदा आबांचा. आबा विचारायचे, जेवलास का. मी म्हणायचो, व्हय. ते म्हणायचे, बरं. दिवाळी जवळ आली की एक वाक्य जास्त असायचं, येणार का. मी म्हणायचो, बघतो. मग दोघंही सुटल्यासारखा फोन ठेवायचो.

मग संध्याकाळी खोलीत एकटा माणूस काय करणार? मी मोबाइलवर एक माणूस बघायचो. कुठल्या देशातला आहे माहीत नाही. तो गंजलेल्या जुन्या वस्तू घेतो आणि नव्या करतो. कुलपं, चाकू, वस्तरे. एक शब्द बोलत नाही. त्याचं तोंडही कधी दिसत नाही, नुसते हात. कागद घासल्याचा आवाज येतो, खस्स, खस्स. हसू नका, पण मला त्याची सोबत वाटायची. न बोलता काम करणारं आणखी कुणीतरी आहे जगात, असं.

तर एके दिवशी आमच्याकडं बीदरहून भंगाराची ट्रॉली आली. पत्रे, नळ्या, मोडक्या सायकली. त्यात खाली एक वस्तरा निघाला. आताचे ब्लेड बदलायचे वस्तरे नव्हेत, जुना. एकच जाड पाठीचं पातं, मुठीत मिटणारं. मूठ फुटलेली, पातं गंजानं लाल-काळं, आणि बुडाशी इंग्रजी अक्षरं होती ती अर्धी झिजलेली. मालक म्हणाले, घे, तेवढ्यानं भंगाराचं वजन काय कमी होतंय.

त्या वस्तऱ्यावर मी तीन आठवडे घालवले.

ग्राइंडरवर धरला असता तर दोन मिनिटांत चकचकीत झाला असता. पण पातं तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला. मग त्याला कितीही धार द्या, दुसऱ्या दाढीला बोथट. म्हणून सगळं हातानं. दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी लावून लावून. एकेका कागदाला एकेक संध्याकाळ. गंजाचे खोलवर गेलेले ठिपके होते, त्यातले तीन शेवटपर्यंत गेले नाहीत. राहू दिले. मूठ शिसवाच्या तुकड्याची केली, मोडक्या बाजेच्या पायातून कापून. खिळे पितळेच्या तारेचे.

धारेच्या बाबतीत मात्र मी कुणाला ऐकणार नाही. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायच्या, जोर द्यायचा नाही, आणि उलटवायचा तो पाठीवरून. नंतर जुना कातडी पट्टा दाराच्या चौकटीला ठोकला आणि त्यावर पातं मागं-पुढं ओढत बसलो. शेवटी असा झाला म्हणता! पातं उघडलं की त्यात माझा एक डोळा दिसायचा, पापणीच्या केसांसकट.

असं काही जमलं की माणूस आधी काय करतो? कुणाला तरी दाखवतो. मी वस्तरा हातात घेऊन खोलीत उभा राहिलो आणि कुणाला दाखवावं याचा विचार केला. बराच वेळ केला. भिंतीवर एक पाल होती.

मग म्हटलं, आपणच दाढी करून बघू.

वार मंगळवार होता. दुकानाला सुट्टी असते. आता इथं तुम्ही, आमच्याकडचे असाल तर, कपाळाला हात लावाल. मंगळवारी आमच्या भागात कुणी डोक्याला, तोंडाला वस्तरा लावत नाही. कटिंगची दुकानंसुद्धा बंद असतात. फक्त घरात माणूस गेलं तर वार बघत नाहीत. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण तीन आठवडे माझं डोकं त्या पात्याच्या बाहेरच आलं नव्हतं.

मोटरसायकलचा एक आरसा खिडकीत टांगला, साबणाचा फेस केला आणि गालावर वस्तरा ठेवला. काय सांगू! लोण्यातून बोट जावं तसा गेला. एक गाल झाला, दुसरा झाला. मग मिशीच्या खालची कड नीट करावी म्हणून ओठ ताणला, पातं टेकवलं, आणि फोन वाजला.

तुम्हाला सांगितलं, महिन्यातून दोनदा वाजतो. मी दचकलो. डाव्या बाजूची अर्धी मिशी साबणात पडली.

फोन कंपनीचा होता. ती रेकॉर्ड केलेली बाई असते ना, ती. तिचं मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, का कोण जाणे, आणि मग आरशात बघितलं. अर्धी मिशी घेऊन बाहेर जाता येत नाही. उरलेली अर्धीही काढली. आता ओठ उघडा पडला तर कानाजवळचे कल्ले मोठे दिसायला लागले. एक थोडा वर घेतला. तो जास्त वर गेला. दुसरा त्याच्या बरोबरीला आणला, तो त्याहून वर गेला. असं करत करत दोन्हीकडचे केस कानाच्या वर गेले आणि डोक्यावर नुसती टोपी राहिली केसांची. दुकानं बंद. कुणाकडं जाणार? वस्तरा हातात होता आणि धार कमी झाली नव्हती. अर्ध्या तासात डोकं गुळगुळीत.

वस्तरा उत्तम झाला होता, एवढं मात्र खरं.

दुपारी चहाशिवाय राहवेना. डोकं झाकायला खोलीत एकच कापड होतं, पांढरा टॉवेल. तो डोक्यावरून घेतला आणि गुंडप्पाअण्णाच्या हॉटेलात गेलो. आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. मंगळवार, मिशी नाही, डोकं साफ, वर पांढरा टॉवेल, आणि मान खाली. मान तर माझी नेहमीच खाली असते, पण त्या दिवशी तीसुद्धा मोजली गेली.

गुंडप्पाअण्णानं माझ्याकडं बघितलं आणि हातातलं गाळणं खाली ठेवलं. मोबाइलवर गाणं चालू होतं ते बंद केलं. तीन वर्षांत तो माणूस कधी गल्ल्याच्या बाहेर येऊन मला चहा देऊन गेला नव्हता, तो स्वतः ग्लास घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

"आपल्या हातात काय असतंय, बालाजी," तो म्हणाला.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? ह्याला माझं नाव माहीत आहे. त्या आनंदात मी मान हलवली.

मग तो म्हणाला की त्याचा बाप गेला तेव्हा तोही असाच गप्प झाला होता, कुणाशी बोलावंसंच वाटायचं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हात वर करून ओठ चाचपला. आमच्याकडं मिशी बाप गेल्यावरच उतरते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

इथं, अगदी इथंच मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं तर काम. 'अण्णा, आमचे आबा बरे आहेत.' मी पहिला शब्द घशातून वर आणेपर्यंत गुंडप्पाअण्णा त्याच्या बापाच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत पोचला होता आणि त्याचे डोळे भरले होते. तुम्ही सांगा, रडणाऱ्या माणसाला मधेच थांबवून 'माझा जिवंत आहे' असं म्हणता येतं? मी चहा प्यायलो. त्यानं पाठीवर हात ठेवला. मी उठून आलो.

आणि अशा गोष्टीचं असं असतं की कुणी तोंडावर विचारत नाही. कोण गेलं, कसं गेलं, असं पोराला विचारणं बरं दिसत नाही. जो तो दुसऱ्याला विचारतो. दुसऱ्याला माहीत नसतं, पण तो सांगतो.

संध्याकाळी स्टोव्ह पेटवायला बसलो तर रत्नाअक्का ताट घेऊन दारात. ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं, कांदा. तिनं आधी स्टोव्ह उचलून बाहेर ठेवला. म्हणाली, तुमच्यात ह्या दिवसांत चूल पेटवायची नसते, दहा दिवस जेवण तिच्याकडूनच येईल. मग उंबऱ्यावरच बसली.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत बाबा. मी काय लांबून ताट सरकवणार न्हाई. जेव."

मी जेवलो. तीन वर्षं मी माझ्या हातची भाकरी खात होतो, ती भाकरी कमी आणि पत्रा जास्त. त्या पिठल्याची चव अजून तोंडात आहे. जेवण होईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. जेवण झालं, आणि अक्कानं विचारलं, "कसा मानूस हुता रं तुझा बाप?"

मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, आबा कमी बोलतात. बैलांशी मात्र बोलतात, तेही कन्नडमध्ये, कारण बैल भालकीच्या बाजारातून आणले होते, त्यांना मराठी कळत नाही असं त्यांचं म्हणणं. भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसले की एकही दाणा तोंडात टाकत नाहीत, मूठ भरेपर्यंत साठवतात, आणि ती मूठ लहानपणी माझी असायची. मला ताप आला होता तेव्हा खांद्यावर घेऊन बसपर्यंत चालत गेले होते, आणि वाटेत मला करमावं म्हणून दिसेल त्याचं नाव सांगत होते, बाभूळ, विहीर, शाळा, बाभूळ. मी बोलत गेलो. आणि मी 'बोलतात', 'साठवतात' असं म्हणालो की अक्का तोंडाला पदर लावायची. तिला वाटत होतं, ह्याला अजून पटत नाही, पोरगं मनानं मानतच नाही.

एवढं मी तीन वर्षांत बोललो नव्हतो. आवाज कुठून येतोय हे मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्काबरोबर गुंडप्पाअण्णाही आला. तिसऱ्या दिवशी चार जण. खोलीत बसायला एक बाज, मग अक्कानं चटई आणली. कुणी केळी आणायचं, कुणी नुसतंच बसायचं. लोक आपापल्या गेलेल्या माणसांचं सांगायचे, मी माझ्या न गेलेल्या माणसाचं. रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगायचं. आणि रोज दुपारपासूनच संध्याकाळची वाट बघायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मोबाइलवरचा तो हातांचा माणूस मी चार दिवस उघडूनसुद्धा बघितला नाही.

इकडं दुकानात वेगळंच चाललं होतं. बुधवारी मी कामावर गेलो तेव्हा मालकांनी हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. बापाला माती देऊन दुसऱ्या दिवशी कामाला येणारं पोरगं त्यांनी बघितलं नव्हतं. गिऱ्हाइकांना माझ्याकडं बोट करून दाखवायला लागले. पण मग गुंडप्पाअण्णाला शंका आली. सुतकातला माणूस गावाकडं बसायचा सोडून इथं कसा? दहावा व्हायच्या आत कुणी घर सोडतं का? बराच विचार करून त्यानंच उत्तर काढलं. ह्याला घरात ठेवून घेतलं नसणार. मोठा भाऊ आहे म्हणतो ना? मग झालंच. बापाची राख थंड व्हायच्या आत भावानं हाकललं पोराला, शेताच्या वाट्यापायी!

माझा दादा इतका गरीब आहे की म्हैस शेतातून हाकलतानासुद्धा तिला 'चल की बाई' म्हणतो. पण गुरुवारपर्यंत मन्नाएखेळ्ळीत त्याच्याइतका वाईट माणूस नव्हता.

शुक्रवारी मालकांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की रविवारी जीप ठरवली आहे. सगळे मिळून माझ्या गावाला जायचं, भेटून यायचं, आणि भावाला चार शब्द सांगून यायचे.

मी म्हटलं, "मालक, लई लांब हाय."

"असल्या येळी लांब-जवळ बघत्यात का रं? तू एकटा हाईस असं समजू नको."

तुम्ही तीन वर्षं एकटे राहिला असाल आणि तुम्हाला कुणी असं म्हटलं, तर तुम्ही काय बोलाल? मी पुढचा विळा उचलला आणि धार लावायला बसलो.

शनिवारी संध्याकाळी मी आबांना फोन लावला. आपण होऊन लावलेला पहिलाच. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. 'आबा, उद्या तुमच्या मयतीला नऊ माणसं यायलीत. तुम्ही जरा दिवसभर शेताकडं थांबता का?' आबांनी फोन उचलला. म्हणाले, जेवलास का. मी म्हटलं, व्हय. ते म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी जीप निघाली. पुढं मालक, मध्ये रत्नाअक्का आणि तिची जाऊ, मागं गुंडप्पाअण्णा आणि बाकीचे, सगळ्यांच्या मध्ये मी. अक्काच्या मांडीवर झेंडूचा हा एवढा हार, आबांच्या फोटोला घालायला. बीदर आलं. चहाला थांबलो तेव्हा मी मालकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, मालक, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, काही सांगू नको, मला सगळं कळतंय. भालकी गेली. गुंडप्पाअण्णा भावाला काय काय बोलायचं त्याची तयारी करत होता. कमलनगर गेलं. मी देवाला म्हटलं, टायर फुटू दे. टायर नवे होते.

गावात शिरलो. आमच्या घरासमोर जीप थांबली. आणि ओट्यावर, उन्हात, आबा बैलाचं दावं वळत बसले होते.

सगळ्यांचे पाय ओलांडून मी आधी उतरलो. आबांनी वर बघितलं. माझं डोकं बघितलं, ओठ बघितला. माझ्यामागून पडलेल्या चेहऱ्यांची नऊ माणसं एकेक करून उतरताना बघितली, तो हार बघितला. त्यांच्या हातातून दावं सुटलं. उठून उभे राहिले.

"कोण गेलं रं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आता लपायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "आबा, तुमी."

मग मालक माझ्या कानाशी आले.

"हे कोण?"

"आबा."

"कुणाचे?"

"माझे."

मालकांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि जाऊन जीपच्या पायरीवर बसले.

मग मी सगळं सांगितलं. भंगारातला वस्तरा, फोनवाली बाई, कल्ले, मंगळवार, भाकरी, चटई. एक गोष्ट वगळली नाही. दोनदा आवाज बसला, पण कुणी मधे बोललं नाही म्हणून पुढं गेलो. सगळ्यात आधी गुंडप्पाअण्णा हसला. ओट्याला धरून खाली बसला आणि हसत राहिला. पण अक्का हसली नाही. तिचा चेहरा बघून मला जमिनीत जावंसं वाटलं.

"चार दिस मी रडलेय रं तुझ्या बापासाठी," ती म्हणाली. "सख्ख्या सासऱ्यासाठी एवढी रडले न्हाई मी. सांगायचं तर हुतं."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुमी उठून गेला असता."

तेव्हा आबा बोलले. आबा परक्या माणसासमोर बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"माय, चार दिस लेकराला तुझ्या घरचं मिळालं. त्येवढ्यासाठी मी मेलो तर मेलो."

अक्कानं डोळे पुसले आणि मग तीही हसायला लागली. आता प्रश्न हाराचा. झेंडूचा ताजा हार, फेकून देता येत नाही, परतही नेता येत नाही. ती तो हातात घेऊन अवघडून उभी होती. आबांनी विचारलं, "कुनासाठी आणलाव?" सगळे त्यांच्याकडंच बघायला लागले. तेव्हा आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि मान पुढं केली. "घाला मग."

अक्कानं हार घातला. तोपर्यंत जीप बघून निम्मं गाव जमलं होतं. बाहेरगावची माणसं, हार, आबा. त्यांना वाटलं सत्कार आहे. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. सत्कार कशाचा, हे कुणी विचारलं नाही.

दादा शेतातून आला. ज्या भावाला चार शब्द सांगायला माणसं आली होती, त्यानं सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. गुंडप्पाअण्णानं तयार केलेले चार शब्द तसेच परत नेले.

निघायच्या वेळेला मीही जीपमध्ये चढून बसलो. आबा खिडकीशी आले. हार अजून गळ्यातच होता. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उलटा, सुलटा. म्हणाले, चांगली केलीस, कुठं कापलं न्हाई. वस्तऱ्याबद्दल चांगलं बोलणारा तो पहिला माणूस.

मग म्हणाले, "तीन दिवाळ्या झाल्या, आला न्हाईस. मेलो म्हटल्यावर आलास. ते बी जीप करून."

मी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं बघत राहिलो. तेवढ्यात मालकांनी पुढून मान वळवली.

"ए, उतर खाली."

"कामून, मालक?"

"सुट्टी. दहा दिवस."

"कसली?"

"बाप गेलाय न्हवं तुझा? सुतक पाळ. उतर."

जीपमधली नऊच्या नऊ माणसं हसली आणि त्यांनीच मला खाली ढकललं. धूळ उडवत जीप गेली, आणि मी टॉवेल हातात धरून घरापुढं उभा.

अशा रीतीनं मी माझ्या बापाचं सुतक पाळलं, त्यालाच समोर बसवून. दहा दिवस आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. येणारा-जाणारा थांबायचा, माझ्या डोक्याकडं बघायचा, आणि मला विचारायला अवघड वाटायचं म्हणून आबांना विचारायचा, धाकटा इतक्या वर्षांनी कसा काय आला.

आबा दावं वळता वळता मान वर न करता सांगायचे, "मी गेलो न्हवं. म्हणून आलाय."